फोनताईचं खोटं

माझी थोरली वहिनी कुणालाच आवडत नसे, आणि त्याचं तिला काही वाटतही नसे. शाळेच्या गणवेशाचं माप द्यायला आलेली पोरं तिच्या खोलीत शिरतानाच गप्प व्हायची. "पोट आत ओढून उभा राहू नकोस. शर्ट पोटाला घालायचाय, तुझ्या ऐटीला नाही," असं ती एवढ्याशा पोरालाही सुनवायची. दोरेवाल्याशी तिचं भांडण, कापडवाल्याशी भांडण. एकदा वीज तोडायला आलेल्या वायरमनला तिने असं फैलावर घेतलं की तो आपली शिडी आमच्या भिंतीला लावलेलीच ठेवून गेला. तरी कपडे तिच्याकडेच यायचे. तिची शिलाई उसवत नसे, आणि दिलेल्या दिवशी कपडा तयार असे. लोक शिव्या खायचे आणि कपडे घेऊन जायचे.

मी तिची नणंद. नवऱ्याचं घर सोडून भावांकडे येऊन राहिलेली, म्हणजे दोन्ही वहिन्यांच्या डोळ्यांत खुपणारी. सकाळ-संध्याकाळ दूध संकलन केंद्रावर उभी राहून मी लोकांच्या दुधाचं फॅट मोजते आणि पाणी घातलंस का विचारलं म्हणून लोकांच्या शिव्या खाते. घरी आले की या दोघींचं ऐकायचं. माझा स्वभाव गोड राहिला नाही, यात नवल ते काय.

आमचं घर एकच, पण मध्ये भिंत. पुढच्या खोलीत थोरलीचं मशीन, मागे दोन स्वयंपाकघरं, भिंतीच्या या बाजूला एक आणि त्या बाजूला एक. ती भिंत वरपर्यंत बांधायच्या आधीच विटा संपल्या, त्यामुळे इकडे फोडणी पडली की तिकडे ठसका लागतो. पडवी आणि मागचा नळ दोघींत सामाईक. थोरला भाऊ गिरणीवर रात्रपाळीचा वॉचमन, तो दिवसभर झोपलेला. धाकटा ट्रकवर, तो महिन्यातून दोन-चार दिवस उगवायचा. थोरलीची एकुलती मुलगी बाहेरगावी शिकायला, तीही घरी फिरकत नसे. सगळा कारभार आम्हा तिघींचा, आणि तिघींपैकी दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या.

त्या अबोल्याचं कारण सांगितलंच पाहिजे. धाकटीला पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा थोरली कधी नव्हे ती हसताना दिसायची. गिऱ्हाइकांच्या मऊ कापडाचे उरलेले तुकडे तिने जपून ठेवले होते. त्यांचं तिने झबलं शिवलं. बाळाला टोचू नये म्हणून शिवणी बाहेरच्या बाजूला घेतल्या, आणि मशीनवर न घालता सगळं हाताने शिवलं. सहावा सरत असताना ते तिने धाकटीच्या मांडीवर ठेवलं. त्यानंतर महिना व्हायच्या आत धाकटीचं पोर पोटातच गेलं. दवाखान्यातून परत आल्यावर धाकटीने ते झबलं पडवीत भिरकावलं आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडली, "हिने जन्माआधी शिवून ठेवलं. हिच्या झबल्याने माझं पोर खाल्लं!"

थोरलीने त्या वेळी मूग गिळून बसायला हवं होतं. पोर गेलेल्या बाईचं बोलणं मनावर घ्यायचं नसतं, एवढी अक्कल तिला होती. पण जीभ कुणाच्या बापाची! ती म्हणाली, "पोटात धरता आलं नाही, ते माझ्या झबल्यावर कशाला ढकलतेस?"

झालं. त्या दिवसापासून एकीने दुसरीशी शब्द बोलायचा नाही. मीठ संपलं तरी ते माझ्या तोंडून मागायचं. मी घरी नसले तर मांजराला ऐकवायचं. "मने, नळाचं पाणी आलंय, ज्यांना भरायचंय त्यांनी भरावं," असं थोरली म्हणायची, आणि ते मांजरही बिचारं दरवेळी मान वर करून बघायचं. भावांनी एक-दोनदा मध्ये पडून पाहिलं, दोघींनी त्यांनाच सोलून काढलं, मग त्यांनीही नाद सोडला. काही वर्षं अशीच गेली.

मग धाकटीला पुन्हा दिवस गेले, आणि त्याच सुमारास गावात ते संशोधन आलं.

शाळेच्या हॉलमध्ये सभा झाली. संशोधनवाल्या मॅडम शहरातून आल्या होत्या, सुती साडी, पायात बूट. त्यांनी पडद्यावर चित्रं दाखवली. म्हणाल्या, "गरोदर बायकांच्या आजारांवर जेवढा अभ्यास होतो तो सगळा शहरातल्या बायकांवर. औषधं त्यांच्यावरून ठरतात, नियम त्यांच्यावरून ठरतात. तुमचा आवाज आजवर कुणी ऐकलेला नाही." माझ्या शेजारची म्हातारी म्हणाली, "हिचा आवाज ऐकला नाही म्हणे," आणि थोरलीकडे बोट केलं. सगळ्या बायका फिदीफिदी हसल्या. मॅडमना वाटलं आपलं बोलणं आवडलं, त्याही हसल्या.

त्यांची योजना अशी होती. वाडीतल्या एका बाईकडे संशोधनाचा फोन द्यायचा. गरोदर बायकांनी दर आठवड्याला तिच्याकडे यायचं. फोन प्रश्न दाखवणार, ती वाचणार, बाई सांगेल ते ‘हो’ किंवा ‘नाही’ दाबायचं. डोकं दुखतं का, पाय सुजलेत का, डोळ्यांपुढे अंधारी येते का, बाळ हलतं का. काही वाईट ‘हो’ जमली की फोनवर लाल खूण येणार, आणि तालुक्याहून सिस्टरची गाडी निघणार. वाचता येणारी, दिवसभर घरीच सापडणारी बाई कोण, तर थोरली. मॅडमनी तिचा चेहरा फोनला दाखवून घेतला. त्यानंतर तो फोन तिचं तोंड बघितल्याशिवाय उघडत नसे. एवढं रागीट तोंड रोज बघणारा तो एकटाच, असं धाकटी मांजराला म्हणाली. वाडीने थोरलीला नाव ठेवलं, फोनताई.

फोनताईने ते काम मन लावून केलं, हे मला मान्य केलंच पाहिजे. आठवड्याचा ठरलेला दिवस चुकवणाऱ्या बाईच्या दारात जाऊन ती उभी राहायची. "लाजतेस काय? पोट लपवून ठेवलंयस का? सांग, पाय सुजलेत का?" बायका तिला घाबरून खरं सांगायच्या. एक-दोघी मात्र ‘हो’ म्हणायला नको म्हणायच्या, कारण एक ‘हो’ दाबलं की फोन आणखी पाच प्रश्न काढायचा, आणि गाडी दारात आली की शेजारपाजारी चौकशीला. त्यांनाही फोनताईने सरळ केलं. मॅडम महिन्यातून एकदा यायच्या आणि तिच्या पाठीवर थाप मारून जायच्या. थोरली त्या थापेने फुगायची. मला ते बघवत नसे.

अडलं ते आमच्याच घरात. धाकटीचं नाव मॅडमनी पहिल्याच सभेत लिहून घेतलेलं. मी मॅडमना बाजूला घेऊन सांगितलं, "या दोघी बोलत नाहीत. हिच्यासाठी मी वाचते." मॅडम म्हणाल्या, "फोन दुसऱ्याच्या हातात द्यायचा नाही, तो नियम आहे. आणि घरातलं काय ते तुम्ही मिटवा ना, आम्ही त्यात कसं पडणार?" अबोला म्हणजे काय चपलेत गेलेला खडा, काढून टाकला की झालं, असं त्यांना वाटत होतं.

मग दर आठवड्याला आमच्या पडवीत एक तमाशा सुरू झाला. थोरली मशीनवरून उठून उंबऱ्यात बसायची. धाकटी पडवीच्या दुसऱ्या टोकाला, भिंतीकडे तोंड करून. थोरली फोनकडे बघून वाचायची, "गेल्या आठवड्यात डोकं खूप दुखलं का?" धाकटी मांजराला म्हणायची, "मने, माझं डोकं कशाला दुखेल? ज्यांना दुसऱ्यांचं बघवत नाही त्यांचं दुखतं." थोरली दाबायची, ‘नाही’. "पाय, हात किंवा तोंड सुजलंय का?" "मने, आमच्याकडे सुजलेली फक्त नाकं आहेत." ‘नाही’. "बाळ नेहमीसारखं हलतं का?" इथे मात्र धाकटी टोमणा मारत नसे. पोटावर हात ठेवून हळू म्हणायची, "हलतं." थोरलीही तेवढं उत्तर दाबताना फोन जरा जवळ धरायची.

मी दुपारी केंद्रावरून येऊन हे बघायची आणि पोट धरून हसायची. आधी हसायची. मग सातवा लागला, आणि धाकटी नळावर नवऱ्याच्या चपला घालून येऊ लागली.

मी तिचा पाय हातात धरून अंगठ्याने दाबला, तर खड्डा पडला तो भरून येईना. "हे काय गं?" म्हटलं. ती पाय सोडवून घेत म्हणाली, "उन्हाने होतं."

"फोनवर सांग."

"कुणाला? तिला?" तिच्या कपाळाची शीर ताठ झाली. "वन्सं, मला दुखतंय असं त्या बाईसमोर म्हणू? म्हणजे तिला पुन्हा म्हणायला मोकळं, की हिला पोटात धरता येत नाही? जन्मात म्हणणार नाही."

"मग माझ्याबरोबर दवाखान्यात चल."

"हे आले की जाऊ." हे म्हणजे माझा भाऊ. तो ट्रक घेऊन कुठल्या हद्दीत होता ते देवाला ठाऊक. त्याला फोन लावला तर म्हणाला, परवा येतो. त्याचा ‘परवा’ आम्ही ओळखून होतो.

मी थोरलीकडे गेले. ती काज करत होती, तोंडात दोरा. म्हटलं, "वहिनी, धाकटीचे पाय सुजलेत. ती तुझ्यासमोर खोटं बोलते."

"मला दिसतं," ती दात न उघडता म्हणाली.

"मग ‘हो’ दाब की."

"ती जे म्हणेल ते दाबायचं, असा नियम आहे. आणि मी दाबलं तर म्हणेल, हिने पुन्हा माझ्या पोटावर डोळा ठेवला." तिने दोरा तोडला. "तिला सांगा, माझ्यावरचा राग माझ्यावर काढ. पोरावर काढू नकोस."

"तूच सांग ना!"

"मी बोलत नाही तिच्याशी," असं ती म्हणाली, जणू हे मला माहीतच नव्हतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एका घरात दोन शहाण्या, एकीचं पोर जायची वेळ आली तरी दोघींची नाकं खाली यायला तयार नाहीत. मी तिच्या बटणांच्या डब्याला लाथ मारली आणि केंद्रावर निघून गेले. संध्याकाळी आले तेव्हा धाकटीने दवाखान्यात जायला पुन्हा नकार दिला होता. दुसऱ्या दिवशी प्रश्नांचा वार होता.

त्या दिवशी मी घरी थांबले. पडवीत नेहमीची मांडामांड झाली. धाकटीचं तोंड फुगलेलं, डोळ्यांखाली पिशव्या. तिने पाण्याचा पेला शेजारी ठेवलेला. थोरलीने वाचलं, "डोळ्यांपुढे अंधारी येते का? धूसर दिसतं का?"

"मने, मला सगळं लख्ख दिसतं. माणसांच्या मनातलंसुद्धा दिसतं," धाकटी म्हणाली आणि पेल्याकडे हात नेला. हात पेल्याच्या बाजूला जमिनीवर पडला. तिने पुन्हा हात नेला, तो पेल्याच्या पलीकडे गेला. तिसऱ्यांदा तिने चाचपत पेला धरला, आणि कुणी बघितलं का म्हणून भिंतीकडे आणखी वळली.

थोरलीने बघितलं होतं. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि अंगठ्याने ‘हो’ दाबलं. फोनने पुढचे प्रश्न काढले. ती ते वाचतच नव्हती. खाली मान घालून हो, हो, हो दाबत गेली. लाल खूण आली तेव्हा फोन उंबऱ्यावर ठेवून ती मशीनवर जाऊन बसली आणि रिकामंच मशीन चालवू लागली. त्यात कापड नव्हतं.

गाडी तासाभरात आली. सिस्टरने धाकटीच्या दंडाला पट्टा बांधला, हवा भरली, सोडली, पुन्हा भरली. मग पट्टा सोडवत ड्रायव्हरला म्हणाली, "इंजिन बंद करू नका." आम्हाला म्हणाली, "रक्तदाब फार वर गेलाय. आत्ता निघायचं. झटके आले तर आई आणि बाळ दोघांचं कठीण आहे."

धाकटी पाय पसरून बसली होती तशीच बसून राहिली. "मी बोलावलं नाही तुम्हाला."

"फोनवर तुम्हीच सांगितलंत ना, अंधारी येते?"

"मी नाही म्हणाले. मी सगळं नाही म्हणाले." मग तिला उलगडा झाला. तिचा चेहरा असा झाला की मी दोन पावलं मागे सरले. "तिने दाबलं! माझ्या तोंडात हो घातलं! या बाईने एकदा माझं पोर खाल्लं, आता दुसऱ्यावर टपलीय. मी हिच्या सांगण्यावरून कुठेही जाणार नाही. तिने ‘हो’ दाबलं ना? मग तिलाच घालून न्या गाडीत!"

सिस्टर समजावू लागली. मी हातापाया पडले, शिव्या घातल्या, दंडाला धरून ओढलं. धाकटीने पडवीच्या खांबाला मिठी मारली. गल्ली गोळा झाली. सिस्टर घामाघूम होऊन म्हणाली, "बाई, उचलून नेता येत नाही मला, तुमची सही लागते," आणि कागद पुढे केला. धाकटीने तो बोळा करून फेकला. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवला. मी आत ओरडले, "वहिनी, मशीन थांबव आणि बाहेर ये! तुझ्यामुळे मरतेय ही!"

मशीन थांबलं. थोरली बाहेर आली. गळ्यात टेप, केसांत कापडाचे धागे. ती सरळ धाकटीसमोर जाऊन उकिडवी बसली. एवढ्या वर्षांत त्या दोघींची तोंडं एवढी जवळ आलेली कुणी पाहिली नव्हती. गल्लीतल्या बायका तोंडाला पदर लावून पुढे सरकल्या.

"खरं आहे तुझं," थोरली म्हणाली. "झबल्यानेच गेलं तुझं पोर."

धाकटीचे हात खांबावरच होते. "काय म्हणालीस?"

"माझ्यामुळे गेलं. मी मुद्दाम शिवलं. माझ्या मनात खोट होती."

"कसली खोट?"

थोरलीने ते आधी ठरवून ठेवलेलं नव्हतं. ती अडखळली, आणि मग म्हणाली, "मला एकच मुलगी, ती शिकायला गेली ती परत येत नाही. तुझं घर भरणार म्हणून जळत होते. आता गाडीत बस."

मला ओरडावंसं वाटलं. ते झबलं शिवताना मी तिच्याजवळ बसले होते. टाका बारीक यावा म्हणून ती उजेडासाठी दारात सरकायची, आणि सुई बोटाला लागली तर रक्त कापडावर पडू नये म्हणून हात झटकन दूर न्यायची. जळणारी बाई असं शिवत नाही. पण सिस्टर माझ्याकडे बघत होती, गाडीचं इंजिन चालू होतं, आणि मी ओठ आवळून उभी राहिले.

"मोठ्याने म्हण," धाकटी म्हणाली. "सगळ्यांना ऐकू दे."

थोरली उभी राहिली, गल्लीकडे वळली आणि ज्या आवाजात ती वायरमनशी भांडली होती त्या आवाजात म्हणाली, "हिचं पहिलं पोर माझ्यामुळे गेलं! ऐकलंत सगळ्यांनी? जा आता घरी."

धाकटीने खांब सोडला. सिस्टरचा बोळा झालेला कागद मी सरळ केला, धाकटीने सही केली, आणि निवडणूक जिंकल्यासारखी मान ताठ करून गाडीत चढली. मी मागून चढले. थोरली दाराशी उभी होती, तिने आमच्याकडे पाहिलं नाही.

वाटेतच धाकटीला झटका आला. सिस्टरने तिला कुशीवर वळवलं, मी तिचं डोकं मांडीवर धरून बसले. दवाखान्यात पोचल्या पोचल्या ऑपरेशन झालं. मुलगी झाली, तळहातात मावेल एवढी, कितीतरी दिवस काचेच्या पेटीत ठेवावी लागली. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा वेळ गेला असता तर दोघींपैकी कुणी हाती लागलं नसतं. त्यानंतर दोन दिवसांनी भाऊ उगवला आणि मोठमोठ्याने रडू लागला. मी त्याला रडू दिलं नाही. म्हटलं, औषधं आणून दे आधी.

मॅडम घरी आल्या तेव्हा मी दवाखान्यातून धाकटीचे कपडे न्यायला आले होते. त्यांच्या मांडीवर लॅपटॉप होता. म्हणाल्या, "या सहभागी बाईची त्रासाच्या प्रश्नांची उत्तरं आठवडेच्या आठवडे ‘नाही’, आणि एकाच दिवशी सगळी ‘हो’. हे असं होत नाही. काय झालं?"

थोरली म्हणाली, "ती नाही म्हणाली. मी हो दाबलं."

मॅडम हळूच म्हणाल्या की आम्हाला तुमचं कौतुकच आहे, जीव वाचला, पण संशोधनात उत्तर त्या बाईचं स्वतःचं असावं लागतं. दुसऱ्या कुणी तिच्या वतीने दिलेलं एक जरी उत्तर सापडलं, तर ती बाई अभ्यासातून काढावी लागते. आणि फोनताईही बदलावी लागेल.

मी पुढे झाले. "म्हणजे तिने महिनोन्‌महिने फोनला तोंडावर खोटं सांगितलं, ते तिचं स्वतःचं म्हणून चालतं? आणि हिने एकदा खरं सांगितलं तर ते कापायचं? उद्या तुमच्या पडद्यावर तुम्ही सांगणार, आमच्या वाडीत एकाही बाईला असा त्रास झाला नाही! मग कुणाचा आवाज ऐकायला आला होतात इथे?"

मॅडमचे कान लाल झाले. "एक चुकीचं उत्तर ठेवलं तर बाकीच्या बायकांच्या उत्तरांवर कोण विश्वास ठेवील?" त्या म्हणाल्या. त्यांचं सगळंच चूक होतं असं नाही, म्हणून मला आणखी राग आला.

"बरोबर आहे तुमचं," थोरली त्यांना म्हणाली. तिने फोन आणि चार्जर त्यांच्या पिशवीत ठेवला. "मधल्या गल्लीतली पोट पुढे आलेली बाई दोन आठवडे आली नाही. तिच्याकडे जाऊन या." आणि मशीनवर बसली.

धाकटी मुलीला घेऊन घरी आली, तीन-चार आठवड्यांनी. आणि तिने तोंडाचा पट्टा सोडला. बघायला येईल तिला सांगायची, "जाऊबाईंनी स्वतः कबूल केलं, भर गल्लीत. मी उगाच म्हणत नव्हते." बायका ऐकायच्या, माना डोलवायच्या. तान्ह्या बाळांचे कपडे, दुपटी, कुंच्या, जे काही थोरलीकडे शिवायला यायचं ते येणं बंद झालं. पोट दिसू लागलेल्या बायका तिच्या दारावरून जाताना पदर पुढे ओढून घ्यायच्या. नवी फोनताई दुसऱ्या गल्लीतली झाली. थोरलीकडे राहिले शाळेचे गणवेश आणि उशांचे अभ्रे. ती कुणाला काही म्हणाली नाही. दोघींचा अबोला होता तसाच पुढे चालू राहिला, जणू मध्ये काही झालंच नव्हतं.

मी बरेच दिवस गिळलं. एका दुपारी केंद्रावरून आले तर धाकटी तिच्या स्वयंपाकघरात मुलीला खांद्यावर घेऊन शेजारणीला तीच गोष्ट ऐकवत होती. मी शेजारणीला जवळजवळ हाताला धरून बाहेर घालवली. दार लावलं.

"लाज नाही वाटत?" मी म्हटलं. "तिने खोटं कबूल केलं. तू गाडीत बसावीस म्हणून. ही जी खांद्यावर घेऊन मिरवतेस ती तिच्यामुळे आहे. एवढंही कळत नाही तुला?"

मला वाटलं ती आता अंगावर येईल. ती आली नाही. मुलीच्या पाठीवर थोपटत राहिली.

"कळतं की," ती म्हणाली. "त्याच वेळी कळलं होतं. खोटं बोलताना ती अडखळते, भांडताना कधी अडखळत नाही." मग म्हणाली, "मलाही जायचं होतं, वन्सं. डोळ्यांना दिसत नव्हतं मला. मी काय मरायला बसले होते? पण तिच्या सांगण्यावरून कशी उठणार होते?"

"मग गावभर का बोंबलत फिरतेस? उद्यापासून खरं सांग."

"काय खरं सांगू?" तिचा आवाज चढला, मुलगी दचकली. "झबल्याने नाही गेलं असं सांगू? मग कशाने गेलं? तेव्हाही पाय असेच सुजले होते. तेव्हाही डोकं फुटायचं. तेव्हा मी कुणालाच सांगितलं नाही, आणि विचारायलाही कुणी आलं नाही. तिच्या झबल्याने नाही गेलं तर मग माझ्याने गेलं ना? सांगा ना, वन्सं. कशाने गेलं ते?"

तिने मला दुधाचं विचारलं असतं तर सांगता आलं असतं.

तेवढ्यात लक्षात आलं की भिंतीपलीकडचं मशीन मघापासून बंद आहे. त्या अर्ध्या भिंतीवरून थोरलीला सगळं ऐकू गेलं होतं, अगदी पहिल्या शब्दापासून. धाकटीच्याही ते त्याच क्षणी लक्षात आलं. ती मुलीला गच्च धरून भिंतीकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर एवढी भीती मी गाडीतसुद्धा पाहिली नव्हती.

"वन्सं," भिंतीपलीकडून थोरली खेकसली, नेहमीसारखीच, रागाने. "कशाला तिला पुन्हा पुन्हा डिवचता? एकदा सांगितलं ना मी? झबल्यानेच गेलं."

आणि तिने मशीन सुरू केलं.